पाणी आलं, जाणार कुठून?

गिरगावातल्या आमच्या जुन्या चाळीत आई अजून राहते. दहा बाय अठराची एक खोली, मागच्या भिंतीला ओटा आणि ओट्याला लागून मोरी. मोरी म्हणजे तीन फूट बाय चार फुटांचा कोपरा, त्याला वीतभर उंचीचा कठडा आणि पुढे पडदा. पाच वर्षांपूर्वी याच मोरीत आई पाय घसरून पडली. हाड मोडलं नाही, पण गुडघा असा दुखावला, की उकिडवं बसणं कायमचं बंद झालं. आणि मोरीत बसल्याशिवाय तोंड धुता येत नाही, चूळ भरता येत नाही, कवळी धुता येत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं सकाळी उठून तोंड धुण्यासाठी कुणी तरी तांब्या आणि घमेलं घेऊन येईल म्हणून वाट पाहत बसायचं, हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. तेव्हा ठरलं, की घरात बेसिन बसवायचं.

बसवायचं ठरवणं सोपं असतं. दुकानात गेलो, तर तिथल्या मुलानं 'व्हॅनिटी' दाखवली. खाली कपाट, वर चिनी मातीचं बेसिन, मागे आरसा, आरशाला दिवा. रुंदी दोन फूट, भिंतीपासून पुढे दीड फूट. ती मोरीत ठेवली असती, तर आंघोळीला माणसानं गॅलरीत जायचं. मी तसाच परत आलो आणि ओळखीच्या प्लंबरला बोलावलं. हा मूळचा ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला. त्या भागातले, विशेषतः पट्टामुंडईचे, प्लंबर देशभर पसरलेले आहेत. मुंबईत वीस वर्षं काढल्यामुळे मराठी चांगलं बोलतो. त्यानं खोलीत येऊन नळाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून मोरीच्या कोपऱ्यातली जाळी पाहिली, भिंतीवर दोन-तीन ठिकाणी बोटानं वाजवलं आणि म्हणाला, "काका, नळ काय, कुठूनही आणता येतो. पाणी जाणार कुठून, ते आधी बघू या."

त्याचं हे वाक्य ऐकलं आणि मला हसू आलं. कारण मुंबई शहराच्या पाण्याचा गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास मी जेवढा वाचला आहे, त्यात हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि बहुतेक वेळा तो उशिराच विचारलेला दिसतो.

एके काळी मुंबईत पाणी घरात येत नसे, माणसं पाण्याकडे जात. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी ही नावं आज आपल्याला बसच्या थांब्यांची वाटतात, पण ती खरोखरच्या तळ्यांची आणि टाक्यांची आहेत. पायधुणीला तर वाटसरू पाय धूत असत म्हणून ते नाव पडलं, असं म्हणतात. धुणं तळ्यावर, आंघोळ विहिरीवर, आणि घरात यायचं ते फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी. तेही कुणाच्या तरी डोक्यावरून, कमरेवरून. चार-सहा कळशा पाणी घरात आलं, तर बाहेर टाकायचं पाणी ते किती असणार? कोकणातल्या घरात मोरीचं पाणी परसात जातं आणि त्यावर अळू नि केळी पोसतात. तिथे सांडपाणी हा प्रश्न नव्हता, ती अळवाच्या फदफद्याची सोय होती. मुंबईत आलेल्या कोकणी माणसानं मोरी सोबत आणली, पण परस काही आणता आलं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शहरातली माणसं वाढली आणि तळी पुरेनाशी झाली. १८५४ च्या टंचाईनंतर सरकार हललं. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारच्या धरणाचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी नळानं शहरात आलं. रोज सुमारे ३ कोटी २० लाख लिटर. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८ लाख १६ हजारांवर भरली होती. म्हणजे माणशी चाळीस लिटरही नाही. आजच्या हिशेबानं हे थोडं वाटेल, पण ज्या गावात पाणी कळशीनं मोजलं जात होतं, तिथे हे प्रचंडच होतं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसाचं पाणी आलं. सोवळ्यातल्या मंडळींना सुरुवातीला नळाचं पाणी चालत नसे, पूजेला विहिरीचंच लागे. पण उन्हाळा मोठा समजूतदार करणारा ऋतू आहे. हळूहळू सगळ्यांना सगळं चालू लागलं.

पाणी आलं खरं. पण विहारचं पाणी आलं तेव्हा शहराला त्या पाण्याच्या मापाची गटारं नव्हती. होती ती बहुतांशी उघडी, सखल भागात तुंबणारी. मुंबई ही मुळात सात बेटं भरून केलेली जमीन, तिचा मधला भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीला टेकलेला. तिथे नळानं ओतलेलं पाणी आपण होऊन समुद्रात जाईल, ही आशा कशी केली कोण जाणे. मग अहवाल निघाले, वाद झाले. महानगरपालिकेचे इंजिनिअर हेक्टर टुलक यांचा मुंबईच्या सांडपाण्यावरचा मोठा अहवाल १८७२ चा आहे. पाणी आलं १८६० ला, आणि ते न्यायचं कुठून याची चर्चा बारा वर्षांनंतरही चालूच! भुयारी गटारं झाली, पण ती सगळीकडे पोचायला आणखी बरीच वर्षं लागली.

या दरम्यान घराघरातून निघणारं पाणी जात कुठे होतं? तर दोन इमारतींच्या मधल्या घरगल्लीत. गिरगाव, भुलेश्वर, मांडवी या भागांत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना घरगल्ली सांगायला नको. दोन-चार फूट रुंदीची बोळ, वर आकाशाची एक पट्टी, दोन्ही बाजूंनी उतरणारे नळ, आणि खाली टोपलीच्या संडासांचे दरवाजे. मोऱ्यांचं पाणी तिथेच, मैलाही तिथेच. आणि तो रोज डोक्यावरून वाहून नेणारी माणसं कोण होती, त्यांची जात कोणती होती, हे मी वेगळं सांगायची गरज नाही. आपल्या मोऱ्या स्वच्छ राहिल्या त्या त्यांच्या जिवावर. घराच्या नळांचा इतिहास लिहिणारे या बोळात फारसे शिरत नाहीत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि मग सगळं शहर हादरलं. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो, हे त्या वेळी सिद्ध झालेलं नव्हतं. अधिकाऱ्यांचा संशय होता ओलीवर, अंधारावर, कोंदटपणावर. समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक अॅसिड ओतून गटारं धुतली गेली. घरांवर 'राहण्यास अयोग्य' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. निदान चुकलं होतं, पण ओल खोटी नव्हती. माणसं ज्या खोल्यांत राहत होती, तिथे पाणी येत होतं आणि मुरत होतं.

प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रस्ते रुंद केले, गच्च वस्त्या पाडल्या आणि चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीआयटी चाळी. पुढे १९२० मध्ये सरकारनं विकास खातं काढलं आणि वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, प्रत्येकीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. या चाळींतून संडास सामाईक होते आणि नळही सामाईक. प्रत्येक खोलीत नळ दिला, तर प्रत्येक खोलीतून सांडपाण्याचा नळ काढावा लागतो. सामाईक नळ दिला, की गटाराचं तोंड मजल्यावर एकाच जागी राहतं. खर्चाचा हिशेब सरळ होता. त्या हिशेबात पहाटे चारला उठून पाणी भरणाऱ्या बायकांची कंबर धरलेली नव्हती, एवढंच.

सामाईक नळ म्हटला, की आणखी एक गोष्ट आठवते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तेव्हा त्यांचा संसार परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत होता. एका खोलीत घर, दुसऱ्या खोलीत पुस्तकं. १९१२ पासून १९३४ पर्यंत ते तिथे राहिले. पाण्यापाशी कोण उभं राहू शकतं आणि कोण नाही, हा प्रश्न त्यांना महाडला जाऊनच भेटला असं नाही. तो या देशात प्रत्येक पाणवठ्यावर होता.

आता मोरीकडे वळतो. चाळीतली मोरी ही एक अजब वस्तू आहे. साहेबाच्या घरात स्वयंपाकघराचं सिंक वेगळं, बेसिन वेगळं, न्हाणीघर वेगळं. आमच्याकडे हे तिन्ही मिळून एक कोपरा. शहाबादी फरशी, कडेला पिंप, वर फळीवर राखुंडीची डबी. सकाळी तिथे तोंड धुवायचं, मग पडदा ओढून आंघोळ, मग कपडे, दुपारी राख आणि नारळाची किशी घेऊन भांडी, रात्री पाय. जागा एकच, वेळा वेगळ्या. जागा वाचवण्याची यापेक्षा हुशार युक्ती कुठल्या वास्तुविशारदानं काढली असेल, तर मला माहीत नाही. आणि ती युक्ती एकाच अटीवर चालत होती, ती म्हणजे तुमचे गुडघे शाबूत पाहिजेत.

या मोरीनं इंजिनिअरिंगलाही एक शब्द दिला. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात जाऊन 'नहाणी ट्रॅप' मागा, लगेच काढून देतील. फरशीतल्या जाळीखाली जो वाडग्यासारखा भाग असतो तो. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपत्रकात, इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत तो याच नावानं येतो. आपली न्हाणी तिथे साहेबी पोशाख करून बसली आहे. मराठीतून इंग्रजी तांत्रिक भाषेत गेलेले शब्द फार नाहीत. जे आहेत, त्यात हा एक मोरीतला आहे, याची मला गंमत वाटते.

या ट्रॅपचं काम काय? तर वाट अडवणं. पाण्याची नव्हे, वासाची. नळाला एक वळण द्यायचं, त्या वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं, आणि गटारातली घाण हवा त्या पाण्यापलीकडेच अडते. कल्पना इतकी साधी, की ती कुणाला सुचावी लागली हेच नवल. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ मध्ये संडासाचं पेटंट घेतलं, त्यात हे वळण आहे. जन्मभर बारीक जागेत चाकं बसवणारा माणूस होता तो. हे वळण नसतं, तर संडास घरात आलाच नसता, बेसिनही आलं नसतं. ज्याला गावाकडच्या बंद घरात महिना-दोन महिन्यांनी गेल्यावर बाथरूममधून उग्र दर्प येतो, त्यानं डांबराच्या गोळ्या टाकण्याआधी जाळीत दोन तांबे पाणी ओतून पाहावं. वळणातलं पाणी वाळलेलं असतं, दुसरं काही नाही.

आपल्या नळाची तोटीही अशीच दुसरीकडून आलेली. फिरकी फिरवली की आतला दांडा खाली उतरतो आणि वायसर दाबून पाणी बंद करतो, ही तऱ्हा इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या एका पितळकाम करणाऱ्या कारखान्यानं १८४५ मध्ये पेटंट केली. त्याआधीच्या तोट्या एका झटक्यात बंद होत आणि नळातल्या दाबाच्या पाण्याला तो झटका सोसत नसे. हा वायसर सुरुवातीला चामड्याचा असे. आजही घरोघरी जी टिपटिप चालते, ती बहुधा त्या दोन-तीन रुपयांच्या वायसरची करणी असते.

पण बेसिन मात्र आपल्याकडे उपराच होता, आणि त्याच्या अंगावर त्याच्या खुणा अजून दिसतात. जुनं बेसिन नीट पाहा. त्याला तळाशी बूच लावायची सोय असते, बुचाची साखळी अडकवायला भोक असतं आणि वरच्या कडेला दोन नळांसाठी दोन भोकं असतात. साहेब थंड देशातला. एका नळातून गरम, दुसऱ्यातून गार पाणी सोडून, बूच लावून, भांडं भरून त्यात तोंड धुणार. जगमधून कटोऱ्यात पाणी ओतून धुण्याची त्याची जी जुनी रीत, तिचीच ही पुढची पायरी. आपल्याला ही रीत कधीच पटली नाही. साठलेल्या पाण्यात हात घालून तेच पाणी तोंडाला लावायचं? आपण तांब्यातून धार सोडून हात धुणारे लोक. म्हणून आपल्याकडे बूच हरवलं तर कुणी शोधत नाही आणि दुसऱ्या नळाचं भोक पांढऱ्या टोपणानं झाकून टाकतात. लाखो घरांत ते टोपण आहे. बेसिन आपण घेतलं, पण वापरलं ते तांब्याच्या धारेसारखं.

१९३० च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह या भागांत मध्यमवर्गासाठी फ्लॅट बांधले जाऊ लागले. 'सेल्फ कंटेन्ड' हा त्या काळातला परवलीचा शब्द. म्हणजे संडास-बाथरूम तुमच्या दाराच्या आत. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सनं मुंबईच्या टाउन हॉलमध्ये 'आदर्श घर' प्रदर्शन भरवलं, तेव्हा नव्या तऱ्हेचं घर कसं असावं हे पाहायला लोकांनी गर्दी केली. या नव्या फ्लॅटांत एक विशेष गोष्ट आहे. संडास वेगळा, बाथरूम वेगळी, आणि बेसिन? ते या दोन्हींच्या बाहेर, पॅसेजमध्ये. पाश्चात्त्य पद्धतीत तिन्ही वस्तू एका खोलीत. आपल्याकडे बेसिन बाहेर उभं.

कुणी म्हणेल, जागा नव्हती म्हणून. मला तसं वाटत नाही. संडासाच्या शेजारी तोंड धुणं आपल्याला प्रशस्त वाटत नव्हतं, हे एक कारण. दुसरं, आपण हातानं जेवतो. जेवण झालं की आचवायला जागा पानापासून चार पावलांवर हवी, बाथरूमच्या ओल्या फरशीवरून जायला नको. आणि तिसरं, सगळ्यांत व्यवहारी कारण म्हणजे सकाळची साडेसहाची वेळ. घरात सात माणसं. एक संडासात, एक आंघोळीला, एक बेसिनपाशी दाढी करत. तिन्ही गोष्टी एका खोलीत असत्या, तर दोघं बाहेर ताटकळले असते आणि एकाची तरी लोकल चुकली असती. फ्रान्समधल्या पॉसी गावी ल कॉर्बुझिए यांनी १९३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या व्हिला साव्हॉय या जगप्रसिद्ध घरात शिरता शिरता एक बेसिन उभं आहे. वास्तुविशारद लोक त्यावर पानंच्या पानं लिहितात. दादरच्या पॅसेजमधल्या बेसिनवर कुणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

या फ्लॅटांत पाणी जाण्याचा प्रश्न सुटला तो एका उभ्या पोकळीनं. मुंबईत तिला सगळे 'डक्ट' म्हणतात. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत संडास, बाथरूम, स्वयंपाकघर एकाखाली एक ठेवायचे, दोन शेजाऱ्यांच्या बाथरूम पाठीला पाठ लावून ठेवायच्या आणि सगळ्यांचे नळ त्या एका पोकळीत सोडायचे. ही युक्ती अमेरिकेत हॉटेलांनी रूढ केली. बफेलो शहरात एल्सवर्थ स्टॅटलर यांनी १९०८ मध्ये उघडलेल्या हॉटेलात प्रत्येक खोलीला बाथरूम होती, आणि ती परवडली ती याच पाठीला पाठ लावण्यामुळे. एकदा डक्ट ठरला, की घराचा अर्धा नकाशा ठरतो. तुम्ही बेसिन कुठेही नेऊ म्हणाल, पण त्याची दोरी त्या डक्टला बांधलेली असते. दोरी जितकी लांब, तितका उतार जास्त द्यावा लागतो, तितकी फरशी उचलावी लागते, आणि एक दिवस खालच्या मजल्यावरचे गृहस्थ छतावरचा ओला डाग दाखवायला वर येतात.

स्वातंत्र्यापूर्वी चांगली बेसिनं विलायतेहून येत. फोर्टातल्या जुन्या इमारतींत ट्वायफर्ड, शँक्स, डोल्टन ही नावं चिनी मातीवर छापलेली अजून सापडतात. मग इथे कारखाने निघाले. सौराष्ट्रातल्या थानगढ-मोरबी भागात आज चिनी मातीच्या वस्तूंचा जो पसारा आहे, त्याच्या सुरुवातीच्या मानकऱ्यांत परशुराम गणपुले हे मराठी गृहस्थ होते. 'परशुराम पॉटरी' हे नाव जुन्या लोकांना बरण्यांवरूनही आठवेल. बेसिन इथे होऊ लागलं तसं त्याचं माप सरकारी मानकांत बसवलं गेलं. ६३० बाय ४५० मिलिमीटर, ५५० बाय ४००, आणि सगळ्यांत लहान ४५० बाय ३००, म्हणजे दीड फूट बाय एक फूट. शिवाय कोपऱ्यात बसणारं तिकोनी. हे शेवटचं दोन्ही भिंतींवर ४०० मिलिमीटर घेतं. मुंबईतल्या किती संसारांना या चारशे मिलिमीटरनी सांभाळून घेतलं असेल!

चाळींत बेसिन आलं ते मालकांनी आणलं म्हणून नव्हे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, त्यामुळे भाडेकरू टिकले आणि मालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. खोलीत जे काही करायचं ते ज्यानं त्यानं आपल्या पदरच्या पैशानं. आमच्या खोलीत नळ आला तो १९७४ मध्ये. त्याआधी आई गॅलरीच्या टोकाच्या नळावरून पाणी भरत असे. खोलीत नळ आल्यावरही कित्येक वर्षं ती पहाटे चारला उठून पिंप भरत राहिली. नळावर तिचा विश्वास नव्हता. पाणी घरात आलं, पण ते मोरीतच आलं, जमिनीपासून दीड फुटावर. कारण जायची वाट तिथे होती.

तर आमचा प्लंबर. त्यानं तिकोनी बेसिन सुचवलं. मोरीच्या आतल्या कोपऱ्यात, कड जमिनीपासून तीस इंचांवर. नेहमी एक-दोन इंच वर ठेवतात, पण आईची उंची पाहून त्यानं खाली घेतलं. बेसिनखालून सव्वा इंची नळ सरळ खाली, तो नहाणी ट्रॅपच्या जाळीत. ट्रॅपचं वळण आधीच तिथे आहे, म्हणून बेसिनला वेगळा बॉटल ट्रॅप लावायला नको, आणि खालची जागा बादलीसाठी मोकळी. मी व्हॅनिटीच्या कपाटाचं नाव काढलं, तर म्हणाला, मोरीत लाकूड दोन पावसाळे टिकणार नाही, आणि तुंबलं तर हात घालायला जागा कुठे ठेवणार? ते त्याचं खरं होतं. व्हॅनिटी हा मूळचा अमेरिकेतला शृंगाराच्या टेबलासाठीचा शब्द. ती कोरड्या बाथरूमची वस्तू. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घरात ती पाण्यात उभी राहते.

खरी अडचण नळाची निघाली. बेसिनवरच्या भोकात बसतो तो पिलर कॉक. लहान बेसिनला त्याची मान आखूड घ्यावी लागते, आणि आखूड मानेतून धार पडते ती बेसिनच्या मागच्या भिंतीलगत. हात धुवायला गेलं, की बोटं चिनी मातीवर आपटतात. लांब मानेचा घेतला, तर धार पुढच्या कडेवर आणि पाणी अंगावर. आमच्या प्लंबरनं बेसिनवरचं भोक सोडूनच दिलं. बाजूच्या भिंतीवर साधा बिब कॉक लावला, असा की त्याची धार बरोबर बेसिनच्या मध्यावर पडावी. फिरकीऐवजी पाव फेऱ्याची दांडी, कारण आईच्या बोटांत आता पीळ देण्याची ताकद नाही. हे सगळं त्यानं पेन्सिलनं भिंतीवर काढलं, मग आईला उभं करून तिचे हात तिथे धरायला लावले, दोनदा खुणा पुसल्या आणि मग छिन्नी उचलली.

भिंतीनं आणखी अर्धा दिवस घेतला. आमची चाळ लाकडी सांगाड्याची, मध्ये विटा आणि चुना. चुन्यात स्क्रू धरत नाही. त्यानं ठोकून ठोकून लाकडी खांब शोधला आणि एक ब्रॅकेट त्यात बसवलं. दुसऱ्यासाठी भिंतीला आरपार बोल्ट घेतला. काम झाल्यावर त्यानं दोन्ही हात बेसिनवर टेकून सगळा भार टाकून पाहिला. "आजी धरून उठणार," तो म्हणाला. मला हे सुचलं नव्हतं. बेसिनचं वजन मी धरलं होतं, आईचं धरलं नव्हतं.

सरकारी नियमांत हे सगळं आकड्यांत येतं. नॅशनल बिल्डिंग कोड बाथरूमला किमान १.८ चौरस मीटर देतो, आणि संडास-बाथरूम एकत्र असेल तर २.८ चौरस मीटर, रुंदी १.२ मीटर. म्हणजे तीस चौरस फुटांत कमोड, शॉवर आणि बेसिन, शिवाय आत उघडणारं दार. झोपडपट्टी पुनर्वसनात सुरुवातीला २२५ चौरस फुटांचं घर मिळे, मग २६९, पुढे ३००. घर वाढत गेलं, पण बाथरूमच्या वाट्याला त्यातलं फारसं आलं नाही. बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षं जिथे सामाईक नळ होता, तिथे प्रत्येक दाराच्या आत आता पाण्याची येण्याची आणि जाण्याची वाट आहे.

आमची चाळ अजून कुठल्याच योजनेत नाही. सभा होतात, चहा होतो, लोक उठून घरी जातात. आई सकाळी सहाला उठते, बेसिनला धरून उभी राहते आणि स्वतःच्या हातानं तोंड धुते. पिलर कॉकचं जे भोक रिकामं राहिलं होतं, त्यावर प्लंबरनं पांढरं टोपण बसवलं होतं. ते तिनं दुसऱ्याच दिवशी काढून ठेवलं. त्या भोकात बुडाशी निमुळती असलेली एक प्लास्टिकची डबी बरोबर अडकते, आणि तिच्यात तिचा ब्रश राहतो.